सूर्यावर लाटा, लहरी की तरंग?

सूर्याच्या वातावरणातील चुंबकीय क्षेत्रांवरील लेखाचा अनुवाद करताना ‘वेव्ह’साठी लाट, लहर आणि तरंग यांपैकी कोणता शब्द घ्यावा, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

‘लहर’ मी प्रथम बाजूला ठेवतो. ‘ध्वनिलहरी’सारख्या समासात ती खपून जाते, पण तिचे अनेकवचन ‘लहरी’ हे विक्षिप्त या अर्थाचे विशेषणही असल्यामुळे ‘सूर्याच्या लहरी’ असे शीर्षक वाचताना सूर्यनारायणाची मर्जी फिरल्याचा भास होतो.

‘लाट’ आणि ‘तरंग’ यांची निवड मात्र तिथे प्रत्यक्षात काय घडते ते पाहूनच करावी लागते. १९४२ साली हान्नेस आल्फव्हेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने असे दाखवले की, विद्युतभारित वायूत चुंबकीय बलरेषा ताणलेल्या तारेप्रमाणे वागतात आणि तार छेडल्यावर जसा कंप तिच्यावरून पुढे सरकतो, तसा तो या रेषांवरूनही सरकतो. १९९८ साली ‘ट्रेस’ या अवकाश दुर्बिणीतून सौरज्वालेनंतर, म्हणजे सूर्यावरच्या प्रचंड स्फोटानंतर, हेलकावणाऱ्या तप्त कमानी दिसल्या, तेव्हा तारेची ही उपमा जणू डोळ्यांसमोर उभी राहिली. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असताना किरीटाचे, म्हणजे सर्वांत बाहेरच्या वातावरणाचे, दहा लाख अंशांहून अधिक का, या कोड्याचे एक संभाव्य उत्तर अशा कंपांनी वर वाहून नेलेल्या ऊर्जेत शोधले जाते. ठरावीक कालावधीने होणाऱ्या या आंदोलनाला ‘तरंग’च शोभतो. शिवाय ‘तरंगलांबी’ आधीच रूढ असल्याने ‘लाटेची तरंगलांबी’ असा विजोड जोड टळतो.

मग ‘लाट’ त्याज्य समजावी का? मुळीच नाही. मोठ्या सौरज्वालेनंतर सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने पसरत जाणारी जी एकच आघाडी दिसते, जिला मोरटन या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे, तिला मी ‘मोरटन लाट’च म्हणेन; उष्णतेच्या लाटेतही आपल्याला आवर्तन नव्हे, तर अंगावर चालून येणे अभिप्रेत असते.

एक व्याकरणाची अडचण उरते. ‘तरंग’ पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचन तसेच राहते. त्यामुळे ‘तरंग आढळला’ की ‘तरंग आढळले’ हे क्रियापदालाच सांगावे लागते, आणि ‘तरंगांचा’ लिहिताना दुसरा अनुस्वार हटकून गळतो.