प्रोजेक्ट बिघडलेला नाही

प्रश्न : मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी घेतलेल्या क्लेब्सिएला या जंतूच्या चिकट कॉलन्या (प्लेटवर वाढणारे ठिपके) दोन महिन्यांत साध्या झाल्या, प्रोजेक्ट वाया गेला. तरी एमएस्सीच म्हणते. आम्ही बँक परीक्षेचा क्लास लावला आहे. फी भरून झाल्यावरच तिला सांगितलं, तेव्हापासून ती बोलत नाही. समजवा. – एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : समजवायचं कुणाला, हाच प्रश्न आहे. वीस वर्षांच्या मुलीला फी भरल्यावर सांगायचं आणि वर ती बोलत नाही म्हणायचं, हे काही बरोबर नाही. बँक कुठं पळून जात नाही. पीओच्या (बँक अधिकारी) परीक्षेला तिशीपर्यंत बसता येतं.

आता तो ‘वाया गेलेला’ प्रोजेक्ट. पेशंटच्या अंगातला जंतू आणि प्लेटवरचा जंतू एकच, असं तुम्ही धरून चाललात. तसं नसतं. क्लेब्सिएलाचा चिकटपणा म्हणजे त्याची कॅप्सूल, पेशीभोवतीचं बुळबुळीत आवरण. कॉलनीला लूप (तारेचं कडं) लावून उचलला की काकवीसारखी तार येते. पाच मिलिमीटरपेक्षा लांब आली तर स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह. शरीरात ही कॅप्सूल पांढऱ्या पेशींपासून वाचवते. अगारवर, म्हणजे प्लेटमधल्या जेलीवर, पांढऱ्या पेशी नाहीत, मग तो खर्च कशाला? कॅप्सूल गमावलेले जंतू तिथं थोडे जोरात वाढतात आणि प्रत्येक सबकल्चरला (जुन्या प्लेटवरून नव्या माध्यमावर नेताना) त्यांचीच संख्या चढते. क्षयावरची बीसीजी लस अशीच झाली: काल्मेत आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जंतू 1908 ते 1921 अशी तेरा वर्षं, 230 वेळा नव्या माध्यमावर घेतला, तेव्हा तो निवळला.

अर्थात दुसरा जंतूही शिरला असेल. म्हणून जंतू तोच आहे का हे बघायला आधी ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून ओळखणं) आणि बायोकेमिकल चाचण्या, मग इंडिया इंक या काळ्या शाईनं कॅप्सूल बघायची. मूळ कल्चर 15–20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशाला ठेवलंय का, ते तिला विचारा. असेल तर जुनं-नवं शेजारी शेजारी लावून स्ट्रिंग टेस्ट करायची. फ्रिजमधल्या स्लँटवरूनच (तिरप्या अगारच्या नळीवरूनच) दर आठवड्याला पुढं नेलं असेल, तर चूक तिथंच आहे. पाचाच्या पुढं सबकल्चर नको, आणि दर वेळी एकच कॉलनी उचलायची नाही.

एमएस्सीला शिवाजी विद्यापीठ आहेच, बाहेर जायचं तर सीयूईटी-पीजी, बायोटेकला जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेत.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. दोन्ही प्लेटचे फोटोही पाठवायला सांगा.