विडीही हातानेच वळतात, मग सिगारच ‘प्रीमियम’ का?

प्रश्न : आमच्या सोलापुरात हजारो स्त्रिया हाताने विड्या वळतात. परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाने मात्र ‘हाताने वळलेली, म्हणून प्रीमियम’ असे सांगत एक महागडी सिगार दाखवली. हातकाम दोन्हीकडे असताना हा मान सिगारलाच का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. ‘प्रीमियम’ हे बिरुद केवळ हातकामावर नव्हे, तर आतल्या पानावर ठरते. विडीत तेंदूच्या पानात तंबाखूचा चुरा असतो. प्रीमियम सिगारमध्ये गाभा, त्याला आवळून धरणारे पान आणि बाहेरचे वेष्टन हे तिन्ही थर तंबाखूच्याच पानांचे असतात आणि गाभ्यातली पाने न कातरता या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब घातलेली असतात. अमेरिकेतील एका संघीय न्यायालयाने २०२० साली हीच कसोटी शब्दबद्ध केली : वेष्टन अखंड पानाचे, गाभ्यात वजनाने निदान निम्मी लांब पाने, वळणे हाताने, फिल्टर नाही, तंबाखूखेरीज दुसरा स्वाद नाही, आणि पाणी व वनस्पतिजन्य डिंक यांपलीकडे कशाची भेसळ नाही.

खरा खर्च वळण्याआधीच होतो. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात पिकलेली पाने वाळवून, ढीग रचून मुरवतात. ढिगाच्या उष्णतेने त्यांतला अमोनिया उडून जातो आणि उग्रपणा मावळतो. झाडाच्या शेंड्याकडची पाने कडक आणि सावकाश जळणारी, मधली सुवासिक, तळाची चटकन पेटणारी. त्यांचा मेळ घालणे ही कारागिराची कसोटी असते, आणि कडक पान तो नेमके मध्यभागी ठेवतो. एवढे कौशल्य मान्य करूनही मी आग्रहाने म्हणेन की, विडी वळणाऱ्या बाईची बोटे त्याहून कमी तरबेज नसतात. ‘प्रीमियम’ हा शब्द मालाची प्रत सांगतो, मजुराची नव्हे. तो आरोग्याबद्दलही काही सांगत नाही : एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते आणि तिचा धूर तितकाच घातक असतो.

खोक्यावरचा मजकूरही नीट वाचावा. ‘एचो आ मानो’ म्हणजे ‘हाताने केलेली’. परंतु गाभा यंत्राने बांधून वरचे पान तेवढे हाताने चढवलेल्या सिगारलाही ते लावले जाते. क्यूबाच्या खोक्यांवर ‘तोतालमेंते आ मानो’, म्हणजे ‘संपूर्णपणे हाताने’, असे छापलेले असते ते याच कारणाने. नातेवाइकाची हरकत नसेल तर ती सिगार उभी चिरून पाहा. आत निम्म्याहून अधिक चुराच निघाला, तर किंमत कितीही असो, ती प्रीमियम नव्हे.