‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’चे मॉड: आधी प्रत तपासा, मग पॅच लावा

‘पॅच लावला आणि पडदा काळा पडला.’ बहुतेक पत्रांचा मजकूर याही वेळी एवढाच आहे, म्हणून या खेळाच्या मॉडविषयीचे, म्हणजे चाहत्यांनी त्यात केलेल्या बदलांविषयीचे, प्रश्न एकत्र घेतले आहेत. हा खेळ १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. वेगळे सांगितले नसेल तिथे उत्तरे त्याच्या अमेरिकी इंग्रजी आवृत्तीला धरून आहेत.

मॉड खेळायला मूळ खेळ लागतोच का?

लागतो. पॅचच्या फाइलमध्ये फक्त बदल असतात, खेळ नसतो; ती डिस्कच्या संगणकावर काढलेल्या प्रतीवर लावायची असते.

‘वॉर ऑफ द लायन्स’ आणि ‘द लायन वॉर’ एकच ना? एकाचा पॅच दुसऱ्याला लागत नाही.

एक नाहीत, आणि लागणारही नाही. ‘वॉर ऑफ द लायन्स’ ही २००७ ची, पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावरची अधिकृत आवृत्ती. तिच्यात नवा अनुवाद, डार्क नाइट आणि ओनियन नाइट हे दोन नवे जॉब (पात्रांचे लढाऊ पेशे), शिवाय बाल्थियर आणि लुसो ही पात्रे आली. ‘द लायन वॉर’ हा चाहत्यांनी केलेला मॉड आहे. त्याने तोच ऐवज मूळ प्लेस्टेशनच्या खेळात आणून बसवला. पीएसपीवर मंत्र टाकताना खेळ मंदावतो, त्यामुळे जुन्या आवृत्तीवरच खेळायचे असणाऱ्यांना हे काम मोलाचे वाटते. मंदपणा घालवणारा चाहत्यांचा पॅच पीएसपीसाठीही आहे, पण तो वेगळा. पॅच कोणत्या आवृत्तीचा आहे हे सोबतच्या माहितीत लिहिलेले नसेल, तर मॉड करणाऱ्याला आधी विचारा.

२०२५ च्या ‘द इव्हॅलिस क्रॉनिकल्स’ या नव्या आवृत्तीवर जुने पॅच चालतील का?

नाही.

मित्र म्हणाला, पॅच कितीही लावा, शेवटचा जिंकतो. मी एक कठीण मॉड, त्यावर नवे चेहरे आणि त्यावर आणखी एक पॅच लावला. मठातली पहिली लढाई नीट झाली, डॉर्टरच्या लढाईत खेळ गोठला. इम्युलेटर बदलू का?

इम्युलेटरला, म्हणजे संगणकावर प्लेस्टेशनचे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, हात लावू नका. दोष मित्राच्या ऐकीव माहितीत आहे, आणि ती इतकी पसरली आहे की सविस्तर लिहावेच लागेल.

पीपीएफ या प्रकारचा पॅच म्हणजे ‘अमुक बाइटपासून पुढे हे लिही’ अशा आज्ञांची यादी. त्या जागी आधी काय होते हे तपासण्याची सोय त्यात आहे, पण ती ऐच्छिक आहे; पॅच बनवणाऱ्याने ती ठेवली नसेल तर चुकीच्या प्रतीवरही पॅच निमूट लागतो आणि ‘काम झाले’ असा संदेश येतो. एक्सडेल्टा हा दुसरा प्रकार निदान मूळ फाइल जुळत नसली तर अडतो. तो अडला की लोक तपासणी बंद करायचा मार्ग शोधतात. कृपया असे करू नका, तो तुम्हाला वाचवत असतो.

दुसरी गोष्ट प्रतीच्या प्रकाराची. डिस्कचा एक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. त्यात खेळाचा डेटा २०४८ बाइट, उरलेले ३०४ बाइट सेक्टरची ओळख आणि चूक-दुरुस्तीसाठी. काही प्रतींत फक्त २०४८ बाइट ठेवलेले असतात. अशा प्रतीवर पूर्ण सेक्टरसाठी केलेला पॅच लावला, तर प्रत्येक सेक्टरमागे ३०४ बाइटची चूक साठत जाते आणि चेहऱ्याच्या जागी लिहायचे ते भलतीकडेच लिहिले जाते. फाइलचे नाव बदलून यात काही फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या बाबतीत घडलेली दिसते. लढाईचे नियम बदलणाऱ्या मॉडना नवा कोड ठेवायला मोकळी जागा लागते. इंग्रजी आवृत्तीत जपानी कांजी अक्षरांची जागा वापराविना पडून आहे, म्हणून अनेक जण तिथेच कोड ठेवतात. दोघांनी एकाच पत्त्यावर बिऱ्हाड केले की नंतर आलेला आधीच्याचे अर्धे सामान फेकतो. ज्या लढाईत त्या अर्ध्या कोडची गरज पडते, तिथे खेळ गोठतो. शेवटचा पॅच जिंकत नाही, दोन्ही मोडतात.

म्हणून स्वच्छ प्रत एकदा काढा, तिचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) मॉडसोबत दिलेल्या आकड्याशी जुळवा, ती प्रत केवळ-वाचनीय करून ठेवा. दर वेळी तिची नक्कल घेऊन तिच्यावर एकच मॉड लावा. दुसरा जोडायचाच असेल तर दोन्ही मॉड करणाऱ्यांना आधी विचारा. आपला पॅच कुठे लिहितो हे त्यांनाच माहीत असते.

पॅच लावलेली तयार डिस्क विकत मिळते आहे. घ्यावी का?

नको. चाहत्यांनी फुकट वाटलेल्या कामाचे पैसे घेणारा हा माणूस त्यात मॉडची कोणती आवृत्ती आहे हेही सांगत नाही, आणि पुढचा सुधारित पॅच त्या प्रतीवर लागत नाही. स्वतःच्या डिस्कची प्रत काढण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते जाणकाराला विचारा.

जुना सेव्ह नव्या मॉडमध्ये चालेल का?

चालवू नका. सेव्हमध्ये जॉब, शस्त्रे, कौशल्ये क्रमांकांनी नोंदलेली असतात आणि मॉडने त्या क्रमांकांचा अर्थ बदललेला असतो. त्याच मॉडची पुढची आवृत्ती असेल तर सोबतचे टिपण वाचा. इम्युलेटरची सेव्ह-स्टेट मात्र कधीच पुढे नेऊ नका. ती स्मृतीची जशीच्या तशी नक्कल असते, त्यामुळे ती उघडली की जुना कोडही परत येतो, आणि ‘दुरुस्ती झालीच नाही’ अशी पत्रे मला येतात. मेमरी कार्डावरचा सेव्ह वापरा.

लेव्हल वाढवूनही कठीण मॉडमध्ये हरतो.

मूळ खेळात वाटेत अवचित भेटणारे शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात. अनेक कठीण मॉडमध्ये कथेतलेही वाढतात. लेव्हल सोडा, कौशल्ये आणि साहित्य बघा.

रिओव्हेन्सच्या किल्ल्यात वीग्राफसमोर अडकलो आहे. एकच सेव्ह आहे, तोही आतला. चीट कोड टाकू का?

अजून नको. चीट कोड स्मृतीतल्या ठरलेल्या पत्त्यावर लिहितो आणि मॉडमध्ये तिथे दुसरेच काही असू शकते. आधी मेमरी कार्डाची नक्कल काढा. मूळ खेळात नायक रॅम्झाने ‘येल’ने स्वतःचा वेग वाढवत राहिले की निभावते, तुमच्या मॉडने ते कौशल्य बदलले आहे का, हे मॉड करणाऱ्याला विचारा. बदलले असेल आणि त्याच्याकडेही उपाय नसेल, तर सुरुवातीपासून खेळावे लागेल, कारण त्या किल्ल्यात लढायांच्या मधे सेव्ह करता येते पण नकाशावर परतता येत नाही. पुढच्या खेपेस किल्ल्यात शिरण्याआधीचा सेव्ह वेगळ्या जागी ठेवा.