बोर्ड हुबेहूब असू द्या, त्यावरची अक्षरं नकोत

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो, नोकरी हार्डवेअरमधली. जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड हुबेहूब बनवणं हा माझा छंद. मूळ बोर्डाच्या फोटोंवरून ‘ॲपल-१’ या ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरचा ट्रेस न् ट्रेस, म्हणजे तांब्याची रेघ न् रेघ, मी उतरवून काढला, त्या काळच्या चिप जमवल्या आणि चार बोर्ड तयार केले. वरची अक्षरं, कॉपीराइटची ओळ सगळं जसंच्या तसं ठेवलं. हौस म्हणून मागे काळ्या मार्करने मूळ बोर्डांवर असायचा तसा नंबरही लिहिला. त्यातला एक बोर्ड ‘प्रतिकृती’ म्हणून एका गृहस्थांना विकला. त्यांनी तो अस्सल म्हणून तिसऱ्याच माणसाला विकला. आता त्या माणसाच्या वकिलाचं पत्र आलं आहे: आम्ही दोघांनी मिळून सगळी रक्कम परत करावी, नाहीतर दावा. मी वीस किट विकायला काढणार होतो. मला पैसे भरावे लागतील का? हे सगळं बंद करावं का?

उत्तर: बंद करायचं काही कारण नाही. पैशांचं संकटही पत्राच्या भाषेवरून वाटतं तेवढं मोठं नाही; वकिलाचं पहिलं पत्र बहुधा चढ्या आवाजातच असतं.

पण आधी हाताला आवर घाला. उरलेल्या तीन बोर्डांमागचा मार्करचा नंबर पुसून टाकावा असं तुम्हाला वाटत असणार, आणि नेमकं तेच करायचं नाही. दाव्याची धमकी हातात पडल्यावर वस्तू बदलणं, ईमेल उडवणं, जाहिरातीचा मजकूर काढून टाकणं याला न्यायालय पुरावा नष्ट करणं समजतं. एरवी स्वच्छ असलेली माणसं त्यातच अडकतात. तिन्ही बोर्डांचे पुढून-मागून फोटो काढा आणि ते आहेत तसे कपाटात ठेवा. मधल्या गृहस्थांना फोन करून जाब विचारू नका. समोरच्या वकिलालाही स्वतः उत्तर लिहू नका. तुमच्या राज्यात वकिली करणाऱ्या कुणाकडून चार ओळींचं उत्तर जाऊ द्या. घराच्या विम्याची पॉलिसीही त्यांना दाखवा. धंद्यातून उद्भवलेला दावा अशा पॉलिसीत बहुतेकदा वगळलेला असतो, पण विमा कंपनीला वेळेत कळवलं नाही एवढ्यावरून हक्क जायला नको.

आता पैशांचं. तुमचा व्यवहार झाला तो मधल्या गृहस्थांशी. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या एकसमान व्यापारी संहितेनुसार विकणाऱ्याने वस्तूचं केलेलं वर्णन हीच त्याची हमी ठरते. तुम्ही प्रतिकृती म्हणालात आणि दिलीत ती प्रतिकृतीच. ‘हा अस्सल आहे’ ही हमी दिली ती त्यांनी, त्यामुळे तिसऱ्या माणसाचा खरा दावा त्यांच्यावर आहे. तुम्हाला त्यात ओढायचं तर फसवणूक सिद्ध करावी लागेल: तुम्ही खोटं सांगितलंत, ते खोटं असल्याचं तुम्हाला ठाऊक होतं, त्यावर कुणीतरी विसंबावं असा तुमचा हेतू होता, तो माणूस विसंबला आणि त्यातून त्याचं नुकसान झालं.

‘प्रतिकृती’ हा शब्द तुम्ही नुसता तोंडाने म्हणालात की कुठे लिहिलात, हे तुमच्या पत्रात नाही. सगळी मदार त्यावर आहे. पावती, ईमेल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे आल्याची बँकेतली नोंद, जे असेल ते शोधा. यातला बँकेचा कागद सगळ्यात बोलका. अस्सल ‘ॲपल-१’ १९७६ साली ६६६.६६ डॉलरला विकला जात होता, एकूण २००च्या आसपास बनले, आणि ऑक्टोबर २०१४मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात त्यातला एक हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,०५,००० डॉलरला घेतला. तुम्ही सुट्या भागांचा खर्च आणि वर थोडी मजुरी एवढंच घेतलं असेल, तर तुम्ही तो अस्सल म्हणून विकत होतात असं कुठल्याही ज्यूरीला पटवून देणं जड जाईल.

मला काळजी वाटते ती त्या मार्करच्या नंबरची. पहिल्या खेपेतल्या काही मूळ बोर्डांमागे ‘०१-००’ने सुरू होणारे हाताने लिहिलेले नंबर आहेत. संग्राहक बोर्ड उलटा करून पहिल्यांदा तेच बघतात, त्यातल्या हस्ताक्षराची तज्ज्ञांकडून तपासणीही झालेली आहे. म्हणजे तो नंबर हे बोर्डाचं जन्मप्रमाणपत्र, आणि तुम्ही ते स्वतःच्या हाताने लिहिलंत. आपलं खोटं विधान पुढे तिसऱ्यापर्यंत पोचेल याची कल्पना असायला हवी होती, अशा माणसालाही काही वेळा जबाबदार धरता येतं. समोरचा हुशार वकील इथेच बोट ठेवेल: वस्तूच खोटं बोलत होती, मग तोंडी काय सांगितलं त्याने काय फरक पडतो? तुमचं उत्तर खरं आहे, हौस होती, आणि ते तसंच सांगायचं. ‘नंबर माझ्या लक्षातच आला नाही’ असं काही चुकूनही म्हणू नका.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. हा बोर्ड प्रतिकृती असल्याचं नेमकेपणाने सांगू शकेल असा साक्षीदार तुम्हीच. तुमच्या डिझाइनच्या फाइल, बोर्ड छापून घेतल्याची बिलं, कुठली चिप कुठून आणली याच्या नोंदी हा त्या फसलेल्या माणसाच्या दाव्याचा कणा आहे. तुमच्या वकिलामार्फत तेवढं सहकार्य देऊ केलंत, तर समोरच्यालाही तुम्हाला प्रतिवादी करण्यापेक्षा साक्षीला बोलावणं फायद्याचं वाटेल. हे मी मनापासून सुचवतो आहे, डावपेच म्हणून नव्हे. त्या माणसाचे पैसे खरोखर बुडाले आहेत.

यापुढचं बोलायचं तर खरा धोका ट्रेडमार्कचा आहे. ‘मी घेणाऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं’ हा बचाव इथे पुरा पडत नाही. १९९१च्या फेरारी विरुद्ध रॉबर्ट्स या खटल्यात रॉबर्ट्स फायबरग्लासची फेरारीसारखी दिसणारी बॉडी विकत होता. त्याने तिला नाव वेगळं दिलं होतं, ग्राहकांनाही अंधारात ठेवलं नव्हतं. तरी सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयात तो हरला, कारण रस्त्यावरून जाताना ती गाडी बघणाऱ्या माणसाचा गोंधळ होतो, आणि विक्रीनंतरचा हा गोंधळही कायदा मोजतो. तुमच्या बाबतीत तर गोंधळ नुसता झाला नाही, त्याचे पैसेही झाले.

हा निकाल वाचून घाबरून जाऊ नका, कारण बोर्ड म्हणजे गाडीची बॉडी नव्हे. फेरारीची ती वळणं नसती तरी गाडी धावली असती. तुमच्या बोर्डावर ६५०२ प्रोसेसर कुठे बसतो, त्यातून मेमरीच्या पत्त्याच्या लाइन कुठे जातात, शिफ्ट रजिस्टरची रांग कशी लागते, हे सगळं मशीन चालावं म्हणून तसं आहे. ट्रॅफिक्स विरुद्ध मार्केटिंग डिस्प्लेज या २००१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. रस्त्यावरच्या सूचनाफलकाचं दोन स्प्रिंगांचं स्टँड होतं, त्याचं पेटंट संपलेलं होतं, आणि त्याचं रूप कामापुरतं असल्यामुळे ते आपली ओळख म्हणून कुणाला अडवून ठेवता येणार नाही असा तो निकाल. तेव्हा बोर्डाकडे बघताना एकच कसोटी लावा: ही गोष्ट काढली तर मशीन बंद पडेल का? पडत असेल तर ती उतरवायला तुम्ही बऱ्यापैकी मोकळे आहात. ‘ॲपल कॉम्प्युटर १’ ही अक्षरं काढली तरी मशीन चालूच राहतं. ती अक्षरं, लोगो, कॉपीराइटची ओळ, मागचा नंबर यांचं काम एकच, ‘मी कोण’ हे सांगणं, आणि तुमच्या बोर्डावर ते सांगणं खरं नाही. नोंदणीकृत चिन्ह खोटं लावून माल विकण्याला फौजदारी कलमही आहे. माहितीत ‘ॲपल-१च्या सॉफ्टवेअरशी जुळणारा बोर्ड’ असं लिहायला हरकत नाही. वस्तूचं खरं वर्णन करण्यापुरतं दुसऱ्याचं नाव घेता येतं. बोर्डावर मात्र नको.

चिपच्या बाबतीतही तीच कसोटी. ७६३७ असा छाप असलेली, म्हणजे १९७६च्या सदतिसाव्या आठवड्यात बनलेली जुनी चिप शोधून लावणं हे कौतुकाचं काम आहे. नवी चिप घासून तिच्यावर तो छाप उमटवणं हे दुसऱ्याच प्रकारचं काम आहे, आणि ते करणाऱ्याकडून भागही घेऊ नका.

सर्किटचं थोडक्यात सांगतो. पेटंट असतं तरी १९७०च्या दशकातलं पेटंट मंजुरीपासून सतरा वर्षांनी संपायचं. ॲपलचे सहसंस्थापक वॉझनियाक यांना ‘ॲपल-२’च्या काळातल्या रचनेवर जानेवारी १९७९मध्ये मिळालेलं प्रसिद्ध पेटंटही १९९०च्या दशकातच संपलं. १९८४चा चिपच्या आराखड्यांचा कायदा चिपपुरता आहे, छापील बोर्डांना तो लागू नाही. आणि उपयोगी वस्तूच्या चित्रावर कॉपीराइट असला तरी त्या चित्रावरून वस्तू बनवण्याला तो आड येत नाही, हे कॉपीराइट कायद्यातच आहे. ज्यांच्या फोटोंवरून तुम्ही ट्रेस काढले त्यांचे फोटो मात्र किटच्या खोक्यावर छापू नका; ते त्यांचे आहेत.

फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्रामची, गोष्ट निराळी. बोर्डावरच्या दोन प्रॉममध्ये (मजकूर कायमचा भरून ठेवायच्या मेमरी चिपमध्ये) मिळून २५६ बाइटचा मॉनिटर प्रोग्राम, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणारा मूळ प्रोग्राम, असतो, आणि तो नसेल तर मशीन काही करत नाही. इथे माझी कसोटी लागू पडत नाही. फ्रँकलिन कंपनीने ‘ॲपल-२’शी जुळणारं मशीन काढलं तेव्हा रॉममधले प्रोग्राम जसेच्या तसे उचलले होते. जुळण्यासाठी ते लागतातच, असं तिचं म्हणणं. १९८३मध्ये तिसऱ्या सर्किटने ते मानलं नाही. रॉममध्ये बसवलेल्या प्रोग्रामलाही कॉपीराइट असतो असं ठरलं. १९७६च्या जाहिरातीत ॲपलने आपल्या मशीनची सॉफ्टवेअर फुकट किंवा अगदी कमी खर्चात देण्याचं धोरण सांगितलं होतं हे खरं, पण धोरण म्हणजे परवाना नव्हे.

तरी एक वाट तपासण्यासारखी आहे. १९७८च्या आधी प्रसिद्ध झालेल्या कामाला जुना कायदा लागू होतो, आणि त्यात प्रसिद्ध केलेल्या प्रतींवर कॉपीराइटची सूचना नसली तर हक्कच जायचा. सूचना असेल तर संरक्षण पंचाण्णव वर्षांचं, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. मॉनिटर प्रोग्रामचा मजकूर मूळ मॅन्युअलमध्ये छापलेला होता. त्या मॅन्युअलच्या चांगल्या प्रतीचं प्रत्येक पान, मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूसकट, तुमच्या वकिलाला बघू द्या. तोवर किटमध्ये प्रॉम कोरी द्या, मॅन्युअलची नक्कल घालू नका, जुळवणीची पुस्तिका तुमची तुम्ही लिहा. त्याच जागी बसणारा स्वतःचा छोटा मॉनिटर लिहिलात तर आणखी बरं. २५६ बाइटमध्ये ते बसवण्यात तुम्हाला आनंदच वाटेल.

आता किट. नकली नाण्यांवर ‘कॉपी’ असा ठसा असलाच पाहिजे असा अमेरिकेत १९७३पासून कायदा आहे, राजकीय बिल्ल्यांच्या नकलांवर बनवल्याचं वर्ष लागतं. कॉम्प्युटर त्यात येत नाहीत. तुम्ही तो नियम स्वतःहून पाळा. ‘प्रतिकृती’ हा शब्द इंग्रजीत, तुमचं नाव आणि बनवल्याचं वर्ष बोर्डाच्या दोन्ही बाजूंना असू द्या, सॉकेटखाली झाकलं जाणार नाही अशा जागी. बोर्डावर अक्षरं छापायची सिल्कस्क्रीनची शाई ॲसिटोनने निघते, स्टिकर नखाने निघतो. म्हणून ही अक्षरं तांब्याच्या थरातच काढा. त्यातून ग्राउंडचा ट्रेस नेता आला तर फारच छान. मग अक्षरं खरवडणाऱ्याला ग्राउंड तोडावा लागेल आणि वरून तार जोडावी लागेल, आणि ती तार कुणाच्याही डोळ्यात भरेल. मूळ रूप थोडं बिघडेल, त्याचं तुम्हाला वाईट वाटेल हे मी समजू शकतो. तरीही करा. बरोबरच्या कागदावर ‘अस्सल म्हणून पुन्हा विकणार नाही’ अशी ओळ आणि घेणाऱ्याची सही असू द्या. आणि त्या मधल्या गृहस्थांना, किंवा त्यांच्यासारख्या ज्याच्याविषयी शंका येईल त्याला, परत माल देऊ नका. नकली म्हणून वापर होणार हे माहीत असताना पुरवठा चालू ठेवणाऱ्यालाही जबाबदार धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये इनवुड खटल्यात सांगून ठेवलं आहे.

राहिला अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाचा (एफसीसीचा) नियम, ज्याचा विचार छंदातली माणसं सहसा करत नाहीत. रेडिओ लहरींच्या त्रासाबद्दलच्या नियमांत घरी बनवलेल्या उपकरणांना मंजुरीतून सूट आहे, पण ती स्वतःच्या वापरासाठी, जास्तीत जास्त पाच नगांना, आणि किटमधून न जोडलेल्या, विक्रीला न काढलेल्या वस्तूंनाच. तुमचे स्वतःजवळचे तीन बोर्ड सुटतात, वीस किट सुटत नाहीत. अगदी मंद वेगाच्या उपकरणांना वेगळी सूट आहे, पण तिची मर्यादा १.७०५ मेगाहर्ट्झ. ‘ॲपल-१’चा प्रोसेसर जेमतेम एक मेगाहर्ट्झवर चालत असला तरी बोर्डावरचा क्रिस्टल १४.३१८१८चा आहे, आणि बोर्ड घरातल्या विजेवर चालतो, म्हणून ही सूटही मिळत नाही. नुसते कोरे बोर्ड विकणं आणि चिपसकट पूर्ण किट विकणं यांत या नियमांच्या दृष्टीने फरक पडतो. तेव्हा नक्की काय विकायचं ते आधी ठरवा, अशा चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेशी बोला, आणि तोवर विक्रीची जाहिरात लावू नका.