शापित वस्तूंवरच्या भयकथांचा संग्रह पुण्यात स्वतःच छापायचाय, काय काय लागेल?

आधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मागवा. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही फुकट देते, एजंटाच्या नादी लागू नका. छपाई बहुधा 16 पानी फॉर्म्यात (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) होते, मजकूर 16 च्या पटीतल्या पानांत बसवा.

मुखपृष्ठावर कवटी मात्र नको, कळकळीनं सांगते. रविवारी जुन्या बाजारात जा. कुणाचं तरी नाव घातलेला, काळवंडलेला पितळी तांब्या शोधा आणि त्याचाच फोटो वापरा. गेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं परक्याच्या घरात, खरी भीती तिथेच आहे!

प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवा, 1954 चा तसा कायदाच आहे. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत प्रती ठेवण्याआधी कमिशनचं स्पष्ट बोलून घ्या.