तलाव भादव्यात काठोकाठ, होळीला कोरडा: हा हवामानबदल का?

ताई, पाऊस सरासरीइतका होऊनही तुमच्या कॉलनीमागचा तलाव होळीच्या आतच आटला, याला हवामानबदल म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते अर्धं हो. पण आधी आजूबाजूचे बोरिंग मोजा.

भादव्यातली पातळी पाऊस ठरवतो, फाल्गुनातली जमिनीखालचं पाणी. आपल्या इंदूरखाली बसाल्ट आहे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक एवढ्यातच काय ते पाणी मावतं, आणि तेही शंभरात जेमतेम एक ते तीन भाग. म्हणजे सगळ्या परिसरातून दोन सेंटिमीटर थराइतकं पाणी उपसलं की भूजल मीटरभर खाली जातं. ते तलावापेक्षा उंच असेल तोवर झिरपत तलावाकडे येतं. बोरिंगनी खाली ओढलं की तलावच जमिनीला पाणी देऊ लागतो. तळाशी बसलेला चिकण गाळ ही गळती रोखतो, त्यामुळे गाळ सरसकट खरवडणारी उत्साही मंडळी कधीकधी नुकसानच करतात.

आता हवामान. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. माळव्याच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिले पाऊस त्यांतून खाली उतरतात. मग माती फुगते आणि भेगा मिटतात. त्यानंतर चार दिवसांचा पाऊस चार तासांत कोसळला, तर तलाव सांडव्यावरून वाहतो, पण मुरत फारसं नाही. शिवाय हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे उन्हाळ्यात वाफही वाढते.

इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, उत्तम झालं. पण यादीमुळे काही कुणाचा पंप बंद होत नाही.

हिशेब घरी करता येतो. गच्चीवर पसरट घमेल्यात पाणी ठेवा, वर जाळी टाका (कबुतरं पिऊन जातात), रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने उतार मोजा. लहान भांड्यातलं पाणी जास्त उडतं, म्हणून आकडा ०.७ ने गुणा. तलावातही खुणा केलेला खांब रोवा. घमेल्यात १० मिलिमीटर उतरले, तर तलावात वाफेचे ७ धरा. तलाव प्रत्यक्षात १२ उतरला असेल, तर उरलेले ५ जमिनीत गेले किंवा कुणीतरी उपसले. नाल्याचं सांडपाणी आत येत असेल तर मात्र हा हिशेब फसतो: पातळी टिकलेली दिसते आणि आपण उगाच खूश होतो.

काठालगत जुनी विहीर असेल तर दर महिन्याला दोरीला दगड बांधून तिचं पाणी किती खोल आहे ते मोजा. विहिरीचा कठडा तलावापेक्षा किती उंच, हे गवंड्याच्या लेव्हल पाइपने एकदाच काढून ठेवा. विहिरीतलं पाणी दिवाळीतच तलावाच्या खाली गेलं, तर तलावात पावसाचं पाणी आणणारे चॅनल नुसते साफ करून भागणार नाही. पुढच्या पावसाआधी वरच्या अंगाला रिचार्जचे (पाणी जमिनीत मुरवणारे) खड्डे घ्या, आणि कॉलनीत नवीन बोरिंगचा विषय निघाला तर हे आकडे मीटिंगमध्ये ठेवा.