पिकअप घेताना हौदा कोणता निवडावा आणि फोर बाय फोर खरंच लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वेल्ह्याकडे भाजीपाला आणि भात आहे, आठवड्यातून तीन-चार वेळा माल पुण्याच्या मार्केट यार्डात न्यायचा, येताना खत आणि रोपं आणायची, कधी घरची माणसंही न्यायची. पहिलीच पिकअप. हौदा साधा घ्यावा, तिन्ही बाजूंनी उघडणारा घ्यावा, बंद बॉडी घ्यावी की डबल केबिन? आणि फोर बाय फोरचे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीचे, जादा पैसे टाकावेत का?

आधी थेट उत्तर. सिंगल केबिन, साधारण नऊ फुटी हौदा, तिन्ही बाजूंचे फाळके (हौद्याच्या खाली पडणाऱ्या बाजू) उघडणारे आणि टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना जोर. यात एकच अट आहे, तुमच्या शेताकडे जाणाऱ्या पाणंदीची. ती पुढे सविस्तर सांगतो.

माझं भोसरीत पिकअप आणि टेम्पोच्या बॉड्या बांधायचं शेड आहे. गिऱ्हाईक आलं की ते माल किती मावेल हे विचारतं. मी उलट विचारतो की माल उतरवणार कोण, आणि कुठल्या बाजूने? माल भरताना घरची माणसं असतात, वेळही असतो. उतरवताना मागे दुसरी गाडी हॉर्न वाजवत उभी असते. मार्केट यार्डात गाडी गाळ्यासमोर मागे लावायला जागा मिळाली तर फक्त मागचा फाळका पुरतो. पण पहाटेच्या गर्दीत बऱ्याचदा गाडी आडवी लागते, आणि मग बाजूचा फाळका पडत नसेल तर हमालाला हौद्यात चढून एकेक कॅरेट मागपर्यंत ओढत आणावं लागतं. शेतावरही तेच. बांधाकडेच्या अरुंद वाटेवर गाडी वळत नाही, ज्या तोंडाने आत आली त्याच तोंडाने उभी राहते, आणि वाफे एका बाजूला असतात. तिथे बाजूचा फाळका उघडला की निम्मं चालणं वाचतं.

तिन्ही बाजूंनी उघडणाऱ्या हौद्याचे दोषही सांगतो. बाजू कायम जोडलेल्या हौद्याइतका तो ताठ राहत नाही. ओलं शेणखत किंवा वाळू भरली की माल बाजूला रेटतो, आणि नऊ फुटांचा फाळका मधोमध बाहेर फुगतो. एकदा फुगला की कडी पुन्हा नीट बसत नाही, मग लोक हातोडीने ठोकून बसवतात आणि बिजागरी वाकते. म्हणून बाजूचा फाळका एकसंध घेऊ नका. साडेचार-साडेचार फुटांचे दोन तुकडे करून घ्या आणि मध्ये काढता येणारा खांब ठेवा. अर्धा फाळका एकट्या माणसाला उचलून लावता येतो, अख्खा नऊ फुटी नाही येत. प्रत्येक तुकड्याला किमान तीन बिजागऱ्या असाव्यात. कडी अशी हवी की बंद करताना बोट मध्ये सापडणार नाही. गाडी ताब्यात घेण्याआधी प्रत्येक कडी स्वतःच्या हाताने पाच वेळा उघडा आणि लावा. त्यात लाज बाळगू नका.

आता मापाचा हिशेब. भाजीचं नेहमीचं प्लॅस्टिक कॅरेट बाहेरून साधारण ५४० बाय ३६० मिलिमीटर असतं. हौदा आतून नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला तर एका थरात आडवी तीन आणि लांबीला सात, म्हणजे २१ कॅरेट बसतात. टोमॅटोचं २० किलोचं कॅरेट रिकाम्या वजनासकट २२ किलोच्या आसपास जातं. तीन थर म्हणजे ६३ कॅरेट, १,३८६ किलो. चार थर म्हणजे ८४ कॅरेट, १,८४८ किलो. म्हणजे १.७ टन भारक्षमतेच्या गाडीत चौथा थर दिसायला सहज बसतो, पण वजनात बसत नाही. ७७ कॅरेटला गाडी भरली. याउलट कोथिंबीर-मेथीच्या जुड्या हौदा शिगोशीग भरेपर्यंत वजनाला काहीच भरत नाहीत. तुमचा माल कुठल्या जातीचा हे ठरवा. टोमॅटो, भोपळा, भाताची पोती असतील तर हौदा लांब करण्यात अर्थ नाही. पालेभाजी जास्त असेल तर फाळक्यावर तीन फुटी जाळी उभी करा, ती काढता-घालता यायला हवी.

लांबीचा मोह आवरा असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. हौदा मागच्या आसाच्या जितका मागे जाईल, तितकं शेवटी ठेवलेलं ओझं गाडीचं तोंड उचलतं. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. घाटात चढताना स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर पुढची चाकं ऐकत नाहीत. जड माल मागच्या आसाच्या थोडा पुढे, केबिनच्या बाजूला यावा. दहा फुटी हौदा असलेल्या पिकअप मिळतात, त्या वाईट नाहीत, पण तिथे कंपनीने चेसिसचा आणि चाकांमधल्या अंतराचा विचार करून हौदा दिलेला असतो. नऊ फुटी गाडीला बाहेरून फूटभर वाढवून घेणं वेगळं. ते करू नका, आणि करून देणाऱ्याकडे जाऊही नका. गाडीच्या बांधणीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, पासिंगला तो अडकतो.

बंद बॉडी तुमच्यासाठी नको. बेकरीचा माल, औषधं, कुरिअर यांना ती चांगली. पालेभाजी बंद पेटीत लवकर गरम होते आणि पिवळी पडू लागते. शिवाय बॉडीचं वजन मालाच्या वजनातूनच वजा होतं. गाडीचं मालासकट एकूण वजन कागदावर ठरलेलं असतं, ते वाढत नाही. बॉडी दोनशे किलोनं जड झाली की तितका माल प्रत्येक खेपेला कमी. नुसती केबिन-चेसिस (केबिन आणि खालचा लोखंडी सांगाडा) घेऊन बाहेर बॉडी बांधायची असेल तरी हीच गोष्ट लक्षात ठेवा. हौद्याच्या आडव्या पट्ट्या चेसिसवर यू-बोल्टने आवळलेल्या असाव्यात, मध्ये रबराची नाहीतर लाकडाची पट्टी असावी. चेसिसला वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. वेल्डिंगच्या कडेला पत्र्याची ताकद जाते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

तळ चेकर्ड प्लेटचाच, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या पत्र्याचाच घ्या. त्याला चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं हवीत. खताची गोणी फाटली आणि वर ओल बसली की पत्रा खालच्या बाजूने खायला लागतो, वरून रंग शाबूत दिसतो. खताच्या खेपेनंतर हौदा पाण्याने धुवा, आणि वर्षातून एकदा खालून गंजरोधक रंग मारून घ्या.

डबल केबिनबद्दल. घरच्यांसाठी ती हवीशी वाटणार हे मला समजतं. हौद्यात माणसं बसवायची नाहीत, लग्नाला असो वा जत्रेला, हे मी इथेच स्पष्ट लिहितो. पण डबल केबिन घेतली की हौदा पाच फुटांच्या आसपास उरतो. पाच फुटांत एका थराला १२ कॅरेट. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांत तर चाकांचे उंचवटे हौद्याच्या आत येतात, त्यामुळे खालच्या थराला त्याहूनही कमी बसतात. त्या गाड्या उत्तम आहेत, लांबच्या प्रवासाला आरामशीर आहेत, पण त्या खाजगी पासिंगच्या आहेत आणि पांढऱ्या पाटीवर भाड्याचा माल नेता येत नाही. शेजाऱ्याचा माल भाडं घेऊन न्यायचा विचार असेल तर व्यावसायिक पासिंगची पिवळी पाटीच हवी. बोलेरो कॅम्पर ही डबल केबिनची मालवाहू पिकअप मधली वाट आहे. तीन-चार मजूर रोज ने-आण करायचे असतील तर मी तीच सुचवली असती. तुमच्या प्रश्नात माणसं ‘कधी’ आहेत आणि माल आठवड्यातून तीन-चारदा, म्हणून सिंगल.

आता फोर बाय फोर. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपचा जोर मागच्या चाकांवर असतो. हौदा भरला की वजन नेमकं त्याच चाकांवर येतं, चढाला तर आणखी येतं, त्यामुळे भरलेली पिकअप चिखलातून अपेक्षेपेक्षा चांगली निघते. रुतते ती रिकामी. तुम्ही सकाळी माल घेऊन उतरणार आणि संध्याकाळी मोकळ्या हौद्याने पावसात वर चढणार, गाडी फसण्याची वेळ ती. मागचं एक चाक चिखलात गेलं की साधं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरांचा संच) सगळी ताकद त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला देतं, आणि दुसरं चाक कोरड्यावर असूनही गप्प राहतं. यावर पहिला उपाय फुकटचा आहे. पावसाळ्यात येताना खताच्या पाच-सहा गोण्या आसावर ठेवून, दोरीने आवळून आणा. डीएपीची गोणी ५० किलोची, युरियाची ४५ किलोची, म्हणजे अडीचशे-तीनशे किलो झाले. दुसरा उपाय, मागचे टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरू नका. जूनआधी बदला.

तरीही काही वाटांना फोर बाय फोरच लागते. पावसात स्वतः पाणंदीवर चालत जा आणि सगळ्यात वाईट शंभर फूट शोधा. तिथे चढ आहे का, वळण आहे का, ओढ्याचं पाणी आडवं येतं का, ट्रॅक्टरची चाकं घसरल्याच्या खुणा आहेत का ते बघा. चढ, वळण आणि लाल चिकट माती तिन्ही एकाच जागी असतील तर टू-व्हील घेऊन जुलै-ऑगस्ट तुम्ही ट्रॅक्टरवाल्याच्या भरवशावर काढाल. अशा वेळी फोर बाय फोर घ्या आणि पैशाचं दुःख करू नका. बोलेरो कॅम्परला आणि टाटा योद्धाला हा पर्याय मिळत आला आहे. इंदापूर-बारामतीच्या काळ्या मातीत मात्र चारही चाकांना चिखलाचे गोळे चिकटतात आणि फोर बाय फोरसुद्धा थांबते. ती माती वेगळी, तिथल्या माणसाचं ऐकून वेल्ह्यासाठी ठरवू नका.

घेतलीत तर वापरायची कशी हेही माहीत हवं. नेहमी टू-हाय, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर. चिखल-मुरमावर फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना जोर. उभा चढ, ओला उतार किंवा रुतलेली गाडी काढायची असेल तर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर पण वेग कमी आणि ताकद जास्त. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालवू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. अशा गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडले जातात, तो फरक जिरवायला मध्ये काही नसतं, मग ताण टायरवर आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) येतो. महिन्यातून एकदा मुरमाच्या वाटेवर थोडं अंतर लावून चालवा म्हणजे तेल सगळीकडे फिरतं. पुढच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल वेगळं बदलावं लागतं, हा खर्च आधीच धरा. वजन वाढल्यामुळे डिझेलही थोडं जास्त लागतं.

ब्रेकबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकतो, की फोर बाय फोर लवकर थांबते. तसं नाही, ती फक्त चांगली निघते. भरलेली गाडी घेऊन नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गिअर खालचा ठेवा, इंजिनाने गाडी धरू द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकू नका, त्या उतारावर किती जीव गेलेत हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

एक पर्याय लोक विसरतात. वाईट वाट शंभर-दोनशे फुटांचीच असेल तर फोर बाय फोरच्या जादा पैशांतला थोडाच भाग घालून तिथे सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरूम पडतो, आणि शेजारीही वर्गणी देतात. शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ मध्ये आली, आता काय चालू आहे याची ग्रामपंचायतीत आणि रोजगार सेवकाकडे चौकशी करा.

कागदांचं थोडक्यात. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यावर लागतं, म्हणून ब्रोशरमध्ये भारक्षमतेशेजारी एकूण वजनाचा आकडाही वाचा. फिटनेस प्रमाणपत्र दोन्हीला लागतं. लायसन्स एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) असेल तर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं आहे. जादा माल भरला तर कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत. माल हौद्याच्या बाहेर आडवा आला तरी २०,०००, त्यामुळे फाळका पाडून त्यावर पोती रचून रस्त्याला लागू नका.

बुकिंगआधी डीलरकडे रिकामी गाडी फिरवून समाधान मानू नका. भरलेली गाडी चालवायला मागा, नाही दिली तर तीच गाडी असलेल्या एखाद्या शेतकऱ्याबरोबर नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत माल घेऊन जा. चढावर थांबवून हँडब्रेकवर धरा आणि पुन्हा उचला. बाजूचा फाळका जमिनीपासून किती उंचीवर पडतो तेही मोजा. हौद्याचा तळ कमरेच्या किती वर आहे यावर तुमची पाठ ठरणार आहे. पाणंदीचा पावसातला एखादा फोटो इथे टाकलात तर फोर बाय फोरचं मी आणखी नेमकं सांगू शकेन.